मशीन खुंटाच्या मापाने घ्या

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि पीककर्जावर बोलणारे जाणते लोक या बैठकीत बसलेले आहेत. आमच्याकडे आलेला विषय त्या मानाने लहान आहे. बरडावर किंवा नाल्याच्या काठाला राखलेले एक-दोन एकराचे झाडोऱ्याचे रान ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते कापायला चेनसॉ घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, एवढेच सांगायचे आहे. पण या लहान विषयात आमच्या गावातल्या एका पोराचा गुडघा गेला असता, म्हणून तो सांगायला आम्ही उभे राहिलो.

हा विषय आत्ताच का?

आपल्या कोरडवाहू घरात चूल पेटायची ती पऱ्हाटीवर आणि तुराटीवर. बोंडे वेचून झाली की पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर गंजी लावायची आणि वर्षभर जाळायची. गुलाबी बोंडअळी आल्यापासून हे गणित बिघडले. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस मोकळा करा, पऱ्हाटीच्या गंजी वावरात ठेवू नका, कारण किडक्या बोंडांत अळी तग धरून राहते, असे कृषी विद्यापीठांपासून कृषी सहायकापर्यंत सगळे सांगतात. सांगतात ते खरे आहे. पण पऱ्हाटी गेली तर चुलीत काय घालायचे, हे कोणी सांगत नाही.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, घराघरात सिलिंडर आले. चहा त्याच्यावर होतो. पण ज्वारीच्या भाकरी, आंघोळीचे पाणी आणि ढोरांचे आंबोण अजून चुलीवरच होते, हे इथल्या मायबहिणींना सांगायला नको. शिवाय मांडवाला बल्ली लागते, गोठ्याला मेढी लागते, कुंपणाला खांब लागतात. हे सगळे विकत घ्यायचे म्हणजे कापसाच्या पैशातून घ्यायचे.

म्हणून आमच्या गावात आम्ही सात घरांनी बरडावरचे आपापले रान राखायला घेतले. साग आहे, पळस आहे, कडुनिंब आहे, मधल्या काळात लावलेली सुबाभूळ आहे, धुऱ्यावर ग्लिरिसिडिया आहे. रीत जुनीच आहे. झाड बुडातून कापायचे, पण खुंट जिवंत राखायचा. खुंटाला फुटवे येतात. सरपण हवे तर चार-पाच फुटवे ठेवायचे, बल्ली हवी तर वर्षाने जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे काढायचे. रानाचे सहा भाग पाडायचे आणि दरवर्षी एकच भाग कापायचा. सातव्या वर्षी आपण पहिल्या भागावर परत येतो, तेव्हा तिथे पुन्हा कापण्याजोगे रान उभे असते. ज्यांनी जंगल खात्याच्या कुपात मजुरी केली आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. बी नाही, रोप नाही, खड्डा नाही, पहिल्या वर्षीचे पाणी नाही. मुळे जुनी असतात, म्हणून फुटवा रोपापेक्षा जोराने उठतो. चांगल्या सागाच्या खुंटावरचा फुटवा पहिल्याच पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातो.

पण हे सगळे त्या खुंटावर अवलंबून आहे. खुंट फाटला, साल सुटली, फार उंच राहिला, की पुढच्या सहा वर्षांचे उत्पन्न गेले. आणि खुंट कसा राहतो ते कापणाऱ्या हत्यारावर ठरते.

आमची चूक

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही सात घरांनी वर्गणी केली आणि तालुक्याच्या गावाहून चेनसॉ आणली. दुकानात दोन प्रकार होते. एक लहान, महाग. दुसरी मोठी, ५८ सीसीची, २२ इंच पट्टीची, साडेसात हजारांची. दुकानदार म्हणाला, मोठी घ्या, ताकद जास्त आहे आणि स्वस्तही आहे. आपल्यालाही तेच पटते. बैल घ्यायला गेलो तरी आपण उंचाडा पाहतो. आम्ही मोठी घेतली. पक्के बिल मागितले नाही.

पहिल्या दिवशी दुपारी ती मशीन सुबाभळीच्या बेटात घातली. एका खुंटावर पाच-सहा सोट दाटीने उभे होते. पोरगा मधला सोट कापत होता. पट्टी एवढी लांब, की तिचे टोक पलीकडच्या सोटाला लागले. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की चेन पकडते आणि पूर्ण पट्टी झटक्याने वर आणि मागे, कापणाऱ्याच्या अंगावर येते. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. मशीनला ब्रेक होता, पण तो बसतो की नाही हे आम्ही दुकानात पाहिलेच नव्हते. तो बसला नाही. मशीन पोराच्या हातातून सुटून गुडघ्यावर आली. अकरा टाके पडले. हाड वाचले, ते त्याचे नशीब. दवाखान्यात अठरा हजार गेले. साडेसात हजारांची स्वस्त मशीन पहिल्याच दिवशी साडेपंचवीस हजारांची झाली.

दुसरे नुकसान पावसाळ्यात दिसले. पेट्रोल-तेल भरल्यावर ती मशीन सात किलोच्या घरात जाते. एवढे वजन घेऊन दिवसभर वाकून जमिनीलगत कापणे होत नाही. माणूस आपोआप सरळ उभा राहतो आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर कापतो. आमचे निम्मे खुंट असे उंच राहिले. त्यांच्या वरच्या कडेला फुटवे आले, पण त्यांना बुडाचा आधार नव्हता. जूनच्या पहिल्या वादळात ते सालीसकट उचकटून पडले. काही ठिकाणी अर्धवट कापलेला सोट स्वतःच्या वजनाने मोडला आणि खुंट उभा चिरला. त्या चिरेत पाणी साचले आणि खुंट सडला.

आम्ही मशीनला दोष देत नाही. ज्या कामासाठी ती केली आहे, ते काम आमच्याकडे नव्हते. हातभर जाडीचे ओंडे फोडणाऱ्याला ती ठीक असेल. आम्ही काम मोजले नाही आणि मशीन घेतली, ही चूक आमची.

आधी खुंट मोजा

म्हणून पहिली गोष्ट: दुकानात जायच्या आधी एक सुतळी घेऊन रानात जा. यंदा जो भाग कापायचा आहे, त्यातली तीस-चाळीस झाडे घ्या. जिथून कापायचे तिथे घेर मोजा. घेराला तीनने भागले की जाडी आली. घेर अठरा इंच, तर जाडी सहा इंच. आमच्या रानात असे मोजले तेव्हा बहुतेक सोट तीन ते सात इंचांचे निघाले. नऊ इंचांच्या वर गेलेली झाडे बोटावर मोजण्याएवढी होती.

आता हिशोब सोपा आहे. पट्टी सोटाच्या जाडीपेक्षा दोन-तीन इंच जास्त असली की पुरे. सात इंचांच्या सोटाला दहा-बारा इंचांची पट्टी पुष्कळ झाली. एखादे जाड झाड आलेच, तर दोन्ही बाजूंनी कापता येते. चौदा इंचांची पट्टी असली की आपल्या फुटव्याच्या रानात अडत नाही. त्यापुढचा प्रत्येक इंच दाटीत दुसऱ्या सोटाला लागणार, नाही तर मुरमात घुसणार. मुरमाला चेन एकदा घासली, की धार गेलीच समजा.

तीन इंचांखालच्या लाकडाला मशीन नकोच. धारदार कोयता, कुऱ्हाड किंवा छाटणीची हातकरवत घ्या. कुऱ्हाडीने खुंट मरतो हा गैरसमज आहे. बोथट कुऱ्हाडीने मरतो. धारदार कुऱ्हाडीच्या घावावर फुटवा तितकाच चांगला येतो. ज्यांचे सगळे रान ग्लिरिसिडियाचे आणि बोराटीचे आहे, त्यांनी आमचे भाषण इथेच सोडून चहा प्यायला जायला हरकत नाही. त्यांना मशीन लागत नाही.

कोणती घ्यायची?

पेट्रोलची घ्यायची तर ३० ते ४० सीसीची, बारा ते चौदा इंच पट्टीची, पट्टीसकट चार-पाच किलो वजनाची. दुसऱ्या खेपेला आम्ही अशीच घेतली, २४,५०० रुपयांना. घराआड साडेतीन हजार आले.

बॅटरीवर चालणाऱ्या मशीनीही आता मिळतात. सहा-आठ इंच पट्टीची, एका हातात मावणारी लहान मशीन फांद्या साफ करायला आणि तीन-चार इंचांचे फुटवे विरळायला उपयोगी आहे. हातात मावते म्हणून ती एका हाताने चालवू नका, दुसरा हात तिच्यापुढे जाऊ देऊ नका. तिला दोरी ओढावी लागत नाही, धूर नाही, आवाज कमी. सरपणाचे काम घराघरात बाया करतात. मशीन घेताना मात्र बाप्ये दुकानात जातात आणि आपल्या दंडाच्या मापाने घेतात. जी चालवणार आहे तिला सोबत न्या, तिच्या हातात देऊन पाहा. मोठ्या बॅटरीच्या मशीनी पेट्रोलच्या तोडीस तोड काम करतात, पण दिवसभराच्या कामाला दोन-तीन बॅटऱ्या लागतात आणि त्या महाग असतात. वायरवर चालणारी विजेची मशीन घराजवळ सरपण तुकडे करायला चांगली. रानात तिचा उपयोग नाही.

दुकानात मशीन हातात आली की एवढ्या गोष्टी पाहून घ्या:

१. पेट्रोल आणि तेल भरून उचलून पाहा. रिकाम्या मशीनचे वजन फसवे असते. वाकून, पट्टी जमिनीपासून चार बोटांवर धरून दोन मिनिटे थांबा. कंबर काय म्हणते ते ऐका.

२. पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक पुढे ढकला. चेन जागच्या जागी अडकली पाहिजे. चालू मशीनवर दुकानदाराकडून हे करून घ्या. ब्रेक बसत नसेल तर फुकट दिली तरी आणू नका.

३. मशीन सुरू असताना, रेस सोडल्यावर, चेन थांबली पाहिजे. हळूहळू फिरत राहिली तर कार्बोरेटरची जुळणी चुकलेली आहे. ती त्याच्याकडूनच करून घ्या.

४. रेसच्या खटक्याला मागच्या मुठीवर दुसरा खटका असतो. तो दाबल्याशिवाय रेस वाढता कामा नये. काटा अडकून मशीन आपोआप धावायला नको.

५. पट्टीला तेल पोचते का ते पाहा. पट्टीचे टोक कागदासमोर धरून रेस द्या. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. तेल नाही तर पट्टी आणि चेन दोन्ही जळतात.

६. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का पाहा. कंप थेट हातात आला तर संध्याकाळी बोटे बधिर होतात, आणि वर्षानुवर्षे तसेच केले तर ती कायमची अधू होतात.

७. पट्टीवर चेनचे माप ठोकलेले असते. ते वहीत लिहा आणि त्या मापाची चेन आपल्या तालुक्याला मिळते का हे आधी विचारा. जी चेन नागपूरहून मागवावी लागते, ती मशीन हंगामात बंद राहणार.

८. पक्के बिल घ्या. बिल नाही तर हमी नाही, आणि हमी नाही तर तक्रारही नाही.

धार हीच ताकद

आता सगळ्यात महत्त्वाचे. लोक सीसी विचारतात, धार विचारत नाहीत. बोथट चेनची ५८ सीसीची मशीन धारदार चेनच्या ३५ सीसीच्या मशीनपुढे हरते, हे आम्ही एकाच ओंड्यावर लावून पाहिले आहे. खूण साधी आहे. मशीनमधून लाकडाचे कीस पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली. मशीनवर जोर द्यावा लागतो तिथे थांबा आणि गोल कानस काढा.

कानस चेनच्या मापाची लागते. लहान मशीनच्या बारीक चेनला बहुधा ४ मिलिमीटरची लागते, मोठ्या स्वस्त मशीनला ४.८ ची. घेताना चेनच्या मापाशी जुळवून घ्या. पट्टी खुंटात किंवा ओंड्यात पक्की धरा, दातावर असलेल्या रेघेच्या कोनात कानस आतून बाहेर ढकला, प्रत्येक दाताला मोजून तीन-चार हात. एका बाजूचे दात आणि दुसऱ्या बाजूचे दात सारखेच घासा, नाही तर काप तिरका जातो. विळ्याला धार लावणाऱ्या हाताला हे एका दिवसात जमते. पेट्रोल भरताना दरवेळी दोन हात मारले, तर चेन सहज दोन-तीन हंगाम जाते.

पेट्रोलमध्ये तेल किती, हे मशीनच्या पुस्तकात असते. ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक तेल. २५ ला १ असेल तर ४० मिली. पेट्रोलचा फवारणी पंप वापरणाऱ्यांना हे माहीत आहे, पण पंपाचे मिश्रण मशीनला डोळे झाकून घालू नका, माप तपासा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते. म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच ठेवा. पट्टीला ट्रॅक्टरचे जळके तेल घालू नका. त्यात लोखंडाचा चुरा असतो, तो पट्टी खातो.

कसे कापायचे

पानझड झाल्यावर आणि नवी पालवी फुटायच्या आत कापा. आम्ही माघ-फाल्गुनात कापतो. त्या दिवसांत वावरातली कामे आटोपलेली असतात, आणि पाऊस येईपर्यंत खुंटाची जखम कोरडी राहते. दाट बेट असेल तर बाहेरचे सोट आधी, आतले मागून, म्हणजे पट्टीच्या टोकाला मोकळी जागा राहते. आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून सोट खाली घ्या. पडायच्या बाजूने पाव भाग काप घाला, मग उलट बाजूने कापा, म्हणजे चिरत नाही. जागा मोकळी झाली की दुसरा काप खाली, जमिनीपासून चार बोटांवर, थोडा उतरता, पाणी निथळेल असा. सुबाभूळ वीतभर उंच ठेवली तरी चालते. सागाला खालीच कापा. आम्ही कापायच्या आधी प्रत्येक झाडाला गेरूचा पट्टा मारतो. मजूर असो की घरचा पोरगा, काप त्या पट्ट्याखाली गेलाच पाहिजे.

बाभळीच्या नादी लागू नका. आपली गावठी बाभूळ खुंटावर नीट फुटत नाही. फार जुना, जाड सागही नीट फुटेलच असे नाही. आणि कापलेल्या भागात दोन पावसाळे बकरी जाऊ देऊ नका. मशीनने खुंट वाचवला आणि बकरीने खाल्ला, असे आमच्याकडे एका घराचे झाले.

कायद्याचेही पाहा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याने साग, मोह, आंबा, चिंच, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ, हिरडा ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खुंट राखला म्हणून ती तोड नाही, असे कोणी समजू नये. शेतकऱ्याने लावलेल्या झाडावर शेतकऱ्याचा हक्क का नाही, हा प्रश्न आपण बैठकीत मांडत राहू. पण तो सुटेपर्यंत साग कापायच्या आधी अर्ज करा, पोच घ्या, परवानगी हातात येऊ द्या आणि लाकूड हलवायच्या आधी वाहतुकीचे विचारून घ्या. नाही तर मशीनही जाईल आणि लाकूडही.

अंगावरचे सामान हा मशीनचाच खर्च

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे गेली. तेव्हा जो तो म्हणाला, हातमोजे नव्हते, तोंडाला मास्क नव्हता. पंप घ्यायला पैसे होते, मास्कला नव्हते. मशीनच्या बाबतीत तेच पुन्हा करू नका. मशीनचा भाव विचारताना त्यात चष्मा, कानाला लावायचे झाकण, जाड बूट, हेल्मेट आणि मांडीपासून खाली चेन अडवणारी पँट एवढे धरूनच भाव काढा. त्या पँटच्या आत धाग्यांचे थर असतात, ते चेनमध्ये गुंततात आणि चेन थांबते. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. कान झाकले नाहीत तर पाच-दहा वर्षांनी ऐकू येणे कमी होते.

गमछा, ओढणी, पदर, धोतर अंगावर असताना मशीनला हात लावायचा नाही. खांद्याच्या वर कापायचे नाही. झाडावर किंवा शिडीवर चढून चालवायची नाही. एकट्याने रानात न्यायची नाही. बाकीची माणसे झाडाच्या दुप्पट उंचीएवढी लांब. पेट्रोल भरताना मशीन निवू द्या आणि मोकळ्या मुरमावर भरा. फाल्गुनात पाचोळा वाळलेला असतो, एका ठिणगीत सहा वर्षांचे रान जाते.

एकट्याने घेऊ नका

शेवटी पैशाचा हिशोब. आमच्या भागात मशीनवाला माणूस मशीन, पेट्रोल, मजुरी धरून दिवसाचे १,५०० घेतो. स्वतःची मशीन असली तरी पेट्रोल, तेल आणि चेनची झीज मिळून दिवसाला ६०० जातात. घरच्या माणसाची मजुरी ५०० धरा. घरची मजुरी फुकट धरायची सवय आपल्याला बुडवते, ती इथेही नको. म्हणजे १,१०० झाले. दिवसाला ४०० वाचतात.

एका घराचे एका वर्षाचे काम तीन दिवसांचे. वाचले १,२००. २४,५०० ची मशीन फिटायला वीस वर्षे लागतील. तेवढी मशीन टिकत नाही. सात घरांचे मिळून एकवीस दिवस. वाचले ८,४००. तीन वर्षांत मशीन फिटली. म्हणून एकट्याने, त्यातही सावकाराचे पैसे काढून, मशीन घेऊ नका. पाच-सात घरे जमत असतील तर घ्या. जमत नसतील तर मशीनवाल्याला बोलवा, पण गेरूचा पट्टा तुम्ही मारा आणि काप कुठे जातो ते उभे राहून पाहा. त्याला दिवस संपवायची घाई असते, आपल्याला पुढची सहा वर्षे त्याच खुंटाकडे पाहायचे असते.

आमच्याकडे मशीन एका घरी राहते. एक वही आहे. कोणी नेली, किती तास चालवली, धार लावून परत दिली का, ते वहीत लिहायचे. धार न लावता परत दिली तर पन्नास रुपये. चालवायला शिकलेली माणसे तीनच, त्यात एक बाई आहे. बाकी कोणी हात लावायचा नाही.

आणि एक भीती बोलून ठेवतो. कुऱ्हाडीने दिवसभरात जेवढे रान कापून व्हायचे, तेवढे मशीन चहाच्या वेळेपर्यंत कापते. उरलेल्या दिवसात पुढचा भागही कापून टाकावा, असे हाताला वाटते. बाजारात लाकडाचा भाव असला तर अधिकच वाटते. आम्हालाही २०२१ मध्ये वाटले होते. मशीन वाढली म्हणून फुटवा लवकर वाढत नाही. तो त्याची सहा वर्षे घेणारच. म्हणून भाग आधी पाडा, दगड रोवा आणि दगडापलीकडे मशीन नेऊ नका.

तो पोरगा आज इथे आला आहे. चालतो, पण उकिडवे बसता येत नाही, सरकी टोबायला त्याला दुसरा माणूस लागतो. सभेतून घरी गेल्यावर कोणी मशीन घ्यायला निघाला, तर आधी त्याच्याशी दोन शब्द बोला. मग सुतळी घेऊन रानात जा. दुकान तिसऱ्या दिवशी.